जोत्यांच्या बागेंत

गड पडका झाला तरी तो गडच राहतो. त्याची तटबंदी ढांसळली, बुरुजांवर निवडुंग माजला, तरी पाहणाराच्या मनांतील त्याचा दरारा कमी होत नाहीं. राहत्या घराची गोष्ट निराळी आहे. घर पडलें कीं त्याचें फार तर जोतें उरतें; आणि त्या जोत्याभोंवतीं कोणीं हिरवळ लावली, फुलांचे ताटवे केले, पाऊलवाटा आंखल्या व दाराशीं तिकिटाची खिडकी बसविली, म्हणजे पाहतां पाहतां त्या घराला बागेचें रूप येतें. पुण्याच्या शनिवारवाड्याचें असेंच झालें आहे. बाहेरून पाहावें तर किल्ला, आंत जावें तर बाग, आणि बागेंत खालीं पाहून चालावें तर घर, अशी ही तिहेरी वास्तु आहे. यांपैकीं किल्ला सर्वांना दिसतो, बाग पुष्कळांना आवडते. घर मात्र फार थोड्यांच्या लक्षांत येतें. पुण्यांत जन्म काढलेलीं माणसें या वाड्यावरून रोज जातात. पण आंत शेवटचें केव्हां गेलां होतां असें विचारल्यास बहुतेकांना शाळेची सहल आठवते.

गेल्या मार्गशीर्षांत आमचें सर्व कुटुंब चार दिवस पुण्यास एकत्र जमलें होतें. निमित्त आनंदाचें नव्हतें. वाईस आमचें वडिलोपार्जित घर आहे. तें वडिलांच्या मागें तसेंच सामाईक राहिलें होतें व त्याची वाटणी एकदांची करून टाकावी असें ठरलें होतें. माझे धाकटे बंधु वकिलांकडे कागद घेऊन गेले होते, आणि घरांत त्या सकाळीं जो अवघडलेपणा भरून राहिला होता तो मुलांच्या कानांवर कमी पडावा म्हणून मी आईला, बंधूंच्या पत्नीला व तिन्ही मुलांना घेऊन बाहेर पडलों. कोठें जावें हा प्रश्न आईनेंच सोडविला. ती म्हणाली, "शनिवारवाड्यांत बसायला झाडें आहेत. तिकडेच चला."

वाड्यासमोर थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्यापासून दिल्ली दरवाज्याकडे पाहिलें म्हणजे या घराण्याची नजर कोणत्या दिशेस लागलेली होती हें सांगावें लागत नाहीं; दरवाजा उत्तरेस आहे व त्याचें नांवच दिल्लीचें आहे. दोन भक्कम बुरुजांमध्यें तो उभा आहे. हत्तींनीं धडक देऊन तो फोडूं नये म्हणून त्याच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीस टोकदार लोखंडी खिळे बसविले आहेत. येणाराजाणारासाठीं फळींतच लहान दिंडी आहे. तींतून जाणारास मान लववावीच लागते. दरवाज्यावर नगारखाना आहे. लांकडाचें जें थोडें काम वाड्यांत आज उभें दिसतें त्यांत हा नगारखाना प्रमुख होय. माझ्या मोठ्या पुतणीनें खिळ्याला हात लावून पाहिला व "हे खिळे हत्तींसाठीं कीं माणसांसाठीं?" असें विचारलें. हत्तींसाठीं, असें मीं सांगितलें. या वाड्यावर हत्ती कधीं चाल करून आले नाहींत, आणि जें संकट आलें तें दाराबाहेरून आलें नाहीं, हें तिला पुढें कळायचेंच होतें.

या वाड्याचा पाया १७३० सालच्या १० जानेवारीस घातला गेला व वास्तुशांति १७३२ सालच्या २२ जानेवारीस झाली. दोन्ही दिवस शनिवारचे होते. वाड्याला व पेठेला नांव त्यावरूनच पडलें असें म्हणतात. लांकूड जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीकडून आणला होता, आणि सारा खर्च सोळा हजार एकशें दहा रुपये झाला अशी नोंद सांगतात. सशानें कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून बाजीरावांनीं ही जागा निवडली ही आख्यायिका तर सर्वांना पाठ आहे. तटाचें काम बाजीरावांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. तें त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांनीं तडीस नेलें. पुढें प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेप्रमाणें चौक वाढविले, दिवाणखाने उठविले, माड्या चढविल्या. थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, जुना आरसेमहाल, गणेश रंगमहाल अशीं नांवें आपण वाचतों. सर्वांत वर मेघडंबरी होती व तिच्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे असें सांगतात. कुटुंब वाढतें तसें घर वाढतें. आपल्याकडील जुन्या घरांची रीत हीच आहे. फरक इतकाच कीं आपण वाढवितों ती पडवी आणि पेशव्यांनीं वाढविला तो महाल.

दिंडींतून आंत शिरतांच लहानग्या पुतण्यानें, ज्याला आम्ही बाळ म्हणतों, मोठ्यानें विचारलें, "काका, वाडा कुठें आहे?" त्याची चूक नव्हती. समोर हिरवळ, मध्यें वाटा, कडेला झाडें, आणि सर्वत्र गुडघ्याइतक्या किंवा कंबरेइतक्या उंचीचीं दगडी जोतीं. याला वाडा कोण म्हणेल? १८२८ सालच्या २७ फेब्रुवारीस वाड्याला मोठी आग लागली व ती आठवडाभर जळत होती. मजले लांकडाचे व विटांचे होते ते सर्व गेले. दगड होता तेवढा राहिला. पुढें शंभर वर्षें या राखेवर व ढिगाऱ्यावर जें उभें राहिलें तें राहिलें. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला, त्यानंतर कांहीं वर्षें खोदकाम चाललें, आणि मातीखालून हीं जोतीं, हे हौद, हीं कारंजीं पुन्हां उजेडांत आलीं. आज आपण ज्या बागेंत फिरतों ती त्या खोदकामानंतरची आहे.

जोतीं वाचण्याची कला मला आमच्या आईनें त्या सकाळीं शिकविली. तिचा इतिहासाचा अभ्यास शाळेपुरता. पण मोठ्या घरांत साठ वर्षें नांदल्यामुळें घर कसें असतें हें तिला ठाऊक. एका चौकापाशीं उभी राहून ती म्हणाली, "हें पाहा, पाणी जायला इकडून वाट काढली आहे, म्हणजे येथें वापर फार. येथें स्वयंपाक नाहीं तर न्हाणी असणार." दुसऱ्या ठिकाणीं दगडांच्या लहान लहान चौकटी पाहून तिनें कोठारांची कल्पना केली. तिचे तर्क खरे कीं खोटे हें जाणकारांनीं सांगावें. मला इतकेंच दिसलें कीं ज्या जागेवरून मी राजकारणाचीं नांवें आठवीत चाललों होतों त्याच जागेवरून ती चूल, पाणी, दळण, बाळंतिणीची खोली आणि लेकीसुनांची झोपण्याची सोय शोधीत चालली होती. मुलें एका जोत्यावर चढून उड्या मारूं लागलीं तेव्हां ती एकदम म्हणाली, "चपला काढून चढा रे! कोणाचें देवघर असेल तें." मुलांनीं चपला काढल्या. आसपासचीं चारदोन माणसें आमच्याकडे पाहून हंसलीं; पण त्यांतील एका बाईंनीं आपल्या मुलालाहि चपला काढायला लावल्या.

उत्तरेच्याच तटांत दुसरा एक दरवाजा आहे, त्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. अलीबहादूर दरवाजा असेंहि त्याचें नांव आहे. मस्तानीचा महाल वाड्याच्या ईशान्य कोपऱ्याकडे होता. आज तेथें त्याचें कांहीं नाहीं. मस्तानीविषयीं आजकाल इतकें रंगवून लिहिलें व दाखविलें जातें कीं त्यांत आणखी भर घालण्याची माझी इच्छा नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनीं एक गोष्ट या दरवाज्यापाशीं थांबून आठवावी. बाजीराव १७४० सालच्या २८ एप्रिलला नर्मदाकांठीं रावेरखेडीस वारले; त्यानंतर लौकरच मस्तानीहि गेली. त्यांचा मुलगा समशेरबहादूर तेव्हां सहा वर्षांचा होता. त्याची मुंज होऊं शकली नाहीं. घराण्याच्या पंक्तीला त्याचें पान मांडलें जाऊं शकलें नाहीं. तरी तो या घराण्याचा म्हणूनच वाढला, आणि १७६१ साली पानिपतावर घराण्यासाठीं लढून, जखमी होऊन, भरतपूरच्या मुलुखांत वारला. ज्याला पंक्तींत जागा नव्हती त्याला रणांगणावर मात्र जागा मिळाली. आपल्या घरांतहि असें कोणी असतें काय, ज्याच्याकडून कामाची अपेक्षा आहे पण ज्याला मान देण्याचें आपल्या मनांत येत नाहीं? हा प्रश्न मीं मोठ्यानें विचारला नाहीं. आमच्या वहिनी, म्हणजे बंधूंच्या पत्नी, त्या दरवाज्यापाशीं बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचें लग्न आमच्या घरीं आरंभीं सर्वांना मान्य नव्हतें.

पूर्वेस खिडकी दरवाजा व आग्नेयेस गणेश दरवाजा आहे. गणेश दरवाज्याचें नांव जवळच्या गणेश रंगमहालावरून पडलें. सणासुदीला कसबा गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या वाड्यांतील स्त्रिया या दरवाज्यानें जात असें सांगतात. येथें आई बसली व मुलांना तिनें गोपिकाबाईंची गोष्ट सांगितली. ती पुस्तकांत वाचलेली होती, पण सांगतांना शेजारघरची झाली. नानासाहेबांच्या या पत्नीचा थोरला मुलगा विश्वासराव अठरा वर्षांचा असतां १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडला. त्याच वर्षीं जूनमध्यें पर्वतीवर नानासाहेब गेले. दुसरा मुलगा थोरले माधवराव, ज्यांच्या कारभाराची कीर्ति आपण आजहि गातों, ते १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें गेले. तिसऱ्याचें सांगण्यापूर्वीं ती थोडी थांबली. "एक मुलगा लढाईंत, एक दुखण्यांत, आणि एक घरांत," एवढेंच ती म्हणाली. गोपिकाबाई पुढें नाशिकजवळ गंगापुरास राहिल्या व १७८८ साली वारल्या. आणि पार्वतीबाई? त्यांचे पति सदाशिवरावभाऊ पानिपताहून परतले नाहींत. पण ते जिवंत आहेत अशी त्यांची श्रद्धा होती, आणि १७८३ साली मृत्यु येईपर्यंत त्यांनीं वैधव्य पत्करलें नाहीं. मध्यंतरीं भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक तोतयाहि निघाला होता. त्या वेळीं त्या बाईच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी. इतिहासांत या स्त्रियांना एकेक ओळ मिळते. वाड्यांत मात्र त्यांचीं वर्षेंच्या वर्षें गेलीं.

दक्षिणेच्या बाजूस नारायण दरवाजा आहे. पूर्वीं त्याला जांभूळ दरवाजा म्हणत. नारायणराव पेशव्यांचें शव या दरवाज्यानें बाहेर नेलें, तेव्हांपासून त्याचें नांव बदललें. येथें फिरावयास आलेल्यांची गर्दी नेहमींच अधिक असते, आणि तिचें कारण भुताची गोष्ट. रात्रीं वाड्यांतून "काका, मला वांचवा" अशी हांक ऐकूं येते, ही वदंता पुण्यांतील प्रत्येक मुलाच्या कानांवर कधीं ना कधीं गेलेलीच असते. आमच्यापुढें उभा असलेला एक तरुण आपल्या सोबत्यांना तीच गोष्ट आवाज काढून सांगत होता, व ते मोबाईलवर त्याचें चित्रण करीत होते. बाळ माझा हात धरून ऐकत होता.

झालें तें असें. माधवरावांच्या मागें त्यांचे धाकटे बंधु नारायणराव गादीवर आले. त्यांचे चुलते रघुनाथराव यांना वाड्यांतच नजरकैदेंत ठेविलें होतें. १७७३ सालच्या ३० ऑगस्टला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे गणपतीचे दिवस चालू असतांना, थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी वाड्यांत घुसले. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या होता. अठरा वर्षांचे नारायणराव जीव घेऊन पळाले ते चुलत्याच्या खोलींत गेले व त्यांनीं चुलत्याच्या कमरेस मिठी मारली. ती मिठी सोडविली गेली. चाफाजी टिळेकर नांवाच्या एका सेवकानें धन्याच्या अंगावर स्वतःला झोंकून दिलें. तोहि धन्याबरोबर मारला गेला. "धरावें" या शब्दांतील ध चा मा कोणीं केला, तो आनंदीबाईंनीं केला कीं ती केवळ लोकांनीं रचलेली गोष्ट, याचा निकाल लागलेला नाहीं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं मात्र दोष रघुनाथरावांकडे येतो असें तोंडावर सांगितलें, देहान्त हेंच त्याचें प्रायश्चित्त होय असें बजावलें, आणि पुणें सोडलें.

हें मीं मुलांच्या वयाला साजेल इतकेंच सांगितलें. बाळ ऐकत होता. मग त्यानें विचारलें, "काका, त्याच्या काकानें त्याला कां नाहीं वांचवलें? तो वाईट होता?"

होय म्हणून टाकलें असतें तर प्रश्न मिटला असता. परंतु तें खरें नव्हतें. रघुनाथराव भित्रे नव्हते. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या त्यांच्याच नेतृत्वाखालीं. पुतण्यावर त्यांची कधीं मायाच नव्हती असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं. पण आपल्याला डावललें, आपला हक्क मारला, आपण घरांत असून कैदेंत आहों, हा कांटा वर्षानुवर्षें मनांत सलत राहिला. भोंवतालच्यांनीं तो काढण्याऐवजीं आणखी खोल रुतविला. आणि ज्या दिवशीं पुतण्या प्रत्यक्ष कमरेला येऊन बिलगला त्या दिवशीं त्या हातांतील माया आधींच संपून गेलेली होती. मीं त्याला सांगितलें, "तो शूर होता. पण त्यानें आपला राग फार दिवस सांभाळून ठेवला होता. राग फार दिवस ठेवला कीं वेळेला हात पुढें होत नाहीं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा आणि तुम्ही घरावरून भांडतां आहांत. आई काल रडत होती."

वहिनींनीं मान वळविली. आई झाडाकडे पाहूं लागली. मुलांच्या कानांवर पडूं नये म्हणून ज्या गोष्टीपासून मीं त्यांना दूर आणलें ती त्यांच्या खिशांत बसून आमच्या आधींच तेथें पोहोंचली होती. मीं खालीं बसलों व त्याच्या डोळ्यांस डोळा देऊन म्हणालों, "आमचें घराविषयीं एकमत नाहीं, हें खरें. पण तूं हांक मारलीस तर आम्ही दोघेहि येऊं. कोण आधीं येतो याचीच शर्यत लागेल." त्याला हें पटलें असावें, कारण लगेच त्यानें भूक लागल्याचें जाहीर केलें. मला मात्र तें सहज पटलें नाहीं. हें वचन मुलाला देणें सोपें होतें. भावाला तें कळविल्यावांचून त्याला कांहीं किंमत नव्हती.

या दरवाज्यापाशीं उभें राहिलें असतां वाटणीविषयीं एक विचार मनांत येतो, तो वाचकांपुढें मांडतों. आपल्या घरांत वाटणी हा शब्द अपशकुनासारखा मानतात. एकत्र राहणें हीच कुलीनता आणि वेगळें निघणें हा कलंक, अशी समजूत आपण कितीतरी पिढ्या बाळगली. रघुनाथरावांनींहि आपला वाटा मागितला होता. तो त्यांना मिळणें शक्य नव्हतें, कारण घर वांटतां येतें, शेत वांटतां येतें, पण राज्य वांटलें तर राज्यच राहत नाहीं. आपल्यापाशीं सुदैवानें राज्य नाहीं. आपल्यापाशीं आहेत त्या चार खोल्या, एक विहीर, थोडी जमीन आणि देव. या वस्तु सन्मानानें वांटतां येतात. जें वांटतां येत नाहीं तें म्हणजे परस्परांविषयींचा विश्वास; तो एकतर सर्वांपाशीं पूर्ण असतो, नाहीं तर कोणापाशींच नसतो. एका छपराखालीं राहून त्याचा नाश करण्यापेक्षां दोन छपरें करून तो राखणें बरें. शनिवारवाड्यांत शेवटपर्यंत सर्वजण एकाच तटाच्या आंत राहत होते.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हां गरोदर होत्या. बारभाईंनीं त्यांना पुरंदरावर नेऊन सुरक्षित ठेविलें. तेथें १७७४ सालच्या १८ एप्रिलला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या अर्भकाला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. तेच सवाई माधवराव. वाड्यांतील प्रसिद्ध हजारी कारंजें या बाळपेशव्याच्या करमणुकीसाठीं केलें असें सांगतात. सोळा पाकळ्यांच्या कमळाची त्याची रचना आजहि स्पष्ट ओळखूं येते. कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळानें शहरांत आणण्याची योजना नानासाहेबांच्या कारकीर्दींतली; तें पाणी वाड्यांत येई व पेठांतील हौदांतहि येई. वाड्याच्या वैभवांतील हा भाग मला सर्वांत अधिक आवडतो, कारण यांत शहराचाहि वाटा होता. पण बाप पाहिला नाहीं, आई लौकरच गेली, सभोंवतीं कारभाऱ्यांचा पहारा, अशा त्या मुलाला कारंज्यानें किती हंसविलें असेल? १७९५ सालच्या ऑक्टोबरांत तो माडीवरून खालीं पडला. अंगणांतील एका कारंज्याच्या नळीनें त्याला मोठी जखम झाली असें इतिहासकार लिहितात. दोन दिवसांनीं, २७ तारखेस, तो वारला. वय वर्षें एकवीस.

पुढची कथा थोडक्यांत सांगावी हेंच बरें. रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव गादीवर आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, आणि पुढच्या जूनमध्यें बाजीराव शरण जाऊन ब्रह्मावर्तास गेले. इंग्रजांनीं वाड्यांत तुरुंग, दवाखाना व वेड्यांना ठेवण्याची जागा केली. मग ती आग. ज्या घरांत राज्य नांदलें त्याचा शेवटचा उपयोग कैदी, रोगी व वेडे यांना आसरा देण्याचा झाला. यांत दुःख मानावें कीं समाधान, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

शेवटीं आम्ही तटावर चढलों. तटावरून एका बाजूस वाहनांनीं भरलेला रस्ता, उंच उंच इमारती आणि नदीकडची गर्दी दिसते. दुसऱ्या बाजूस खालीं ही शांत, हिरवी चौकट. वरून पाहिलें म्हणजेच वाड्याचा नकाशा नीट उलगडतो: येथें चौक, येथें दिवाणखाना, येथें जिना. एका जोत्यावर दोन म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वांटून वाचीत होते. झाडाखालीं महाविद्यालयांतील मुलेंमुली अभ्यासाच्या नांवाखालीं गप्पा मारीत होतीं. खेड्यांतून आलेलें एक कुटुंब भाकरी सोडून बसलें होतें. पेशवाईंत या दारांतून आंत येण्यास ज्यांना मज्जाव होता, ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई, त्यांचीं नातवंडें पणतवंडें आज तिकीट काढून, ताठ मानेनें, वाटेल त्या जोत्यावर बसतात. आपल्या समाजांतील कांहीं जुन्या माणसांना वाडा बाग झाल्याची खंत वाटते. मला ती वाटत नाहीं. वाडा एका घराण्याचा होता तेव्हां त्याचे पांच दरवाजे बहुतांशीं लोकांना बाहेर ठेवण्यासाठीं होते. आज त्यांपैकीं एकच उघडा आहे व तो सर्वांसाठीं आहे. इतिहासानें या जागेचा जर कांहीं न्याय केला असेल तर तो हाच.

वाईच्या घराचें पुढें काय झालें हेंहि सांगून टाकतों. त्याच आठवड्यांत वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या. दक्षिणेची बाजू बंधूंकडे गेली, उत्तरेची माझ्याकडे राहिली. विहीर व देवघर सामाईक ठेविलें. ती सूचना आईची. देवघराची किल्ली दोघांकडे असावी, हें कलम मात्र बंधूंनीं आपण होऊन घातलें.

ज्या वाचकांना पुण्यास जाण्याचा योग येईल त्यांनीं लेंकरांना घेऊन हा वाडा सकाळच्या वेळीं अवश्य पाहावा. दिल्ली दरवाज्यानें आंत जावें, तटाला उजवी घालून एकेक दरवाजा पाहावा आणि तटावर सर्वांत शेवटीं चढावें. मुलांना भुताची गोष्ट कोणीतरी सांगेलच. ती आपण सांगूं नये. त्यांना गोपिकाबाई व पार्वतीबाई यांचीं नांवें सांगावीं, समशेरबहादुराचें सांगावें, आणि चाफाजी टिळेकराचें विसरूं नये. कारण त्या दिवशीं त्या मोठ्या वाड्यांत रक्ताच्या नात्यानें जें केलें नाहीं तें एका चाकरानें केलें. नंतर हिरवळीवर बसून घरून नेलेलें फराळाचें सोडावें. जोत्यावर बसणार असाल तर चपला काढाव्या. तेथें देवघर होतें कीं नाहीं हें कोणास ठाऊक नाहीं. पण तेथें घर होतें, एवढें निश्चित आहे.